अप्पांचा पुदिना

गेल्या दिवाळीच्या आठवड्यात वाड्यावरची पोरं नरकासुराच्या पुतळ्यासाठी जुनी वर्तमानपत्रं मागायला आली, तेव्हा अप्पा सोप्यावर लॅपटॉप मांडून बसले होते. त्यांनी रद्दीचा गठ्ठा दिला आणि लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाले, "हेही न्या. सरकारनं याला निवृत्त केलंय." सरकारनं नव्हे, पण चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत काढलेल्या माणसाला वरून आलेला कुठलाही आदेश सरकारीच वाटतो.

आदेश असा होता: 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची मुदत संपली. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडतो असं नाही, सुरक्षेची ठिगळं येणं थांबतं. वर्षभराची मुदतवाढ मिळत होती, पण मुदतवाढ ती मुदतवाढच. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम 2.0 नावाची चिप. अप्पांचा लॅपटॉप चौथ्या पिढीचा. 2014 साली ते गोव्यात डिचोली तालुक्यातल्या शाळेतून निवृत्त झाले आणि मिळालेल्या पैशांतून स्वतःसाठी म्हणून घेतलेली ही एकुलती एक वस्तू.

म्हापशातल्या एका दुकानात आम्ही तो दाखवला. मुलाने मागचं स्टिकर वाचलं आणि म्हणाला, "हो आतां म्हातारो जाला, वयनी. नवो घेयात." अप्पा शेजारीच उभे होते. लॅपटॉपच्या वतीने तो शब्द त्यांनी असा काही मनाला लावून घेतला की साखळीला पोचेपर्यंत गाडीत बोलले नाहीत.

अप्पा माझे सासरे. ते लॅपटॉपवर फक्त तीनच गोष्टी करतात. नाट्यगीतं ऐकतात, मुंबईच्या नातवाशी व्हिडिओवर बोलतात आणि नाटकं लिहितात. तिसरी गोष्ट महत्त्वाची. देवळाच्या कालोत्सवाला गावातलीच माणसं नाटक करतात. गेली कित्येक वर्षं ते नाटक अप्पांचं असतं, आणि प्रत्येकाची नक्कल, म्हणजे त्याच्या भूमिकेचे संवाद, वेगळी काढून, अक्षर मोठं करून, छापून देण्याचं कामही त्यांचंच. एवढ्यासाठी नवा लॅपटॉप घेणं म्हणजे विळीची धार गेली म्हणून स्वयंपाकघर पाडण्यासारखं.

मी काही कॉम्प्युटरवाली नाही. साखळीत एका कर सल्लागाराकडे हिशेब बघते. अकरावीत असताना सायबरएज योजनेतून घरात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हापासून या यंत्रांची भीती मात्र गेली. तीन रात्री वाचन केल्यावर एवढं कळलं की जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम घालता येते, आणि नवख्या माणसाला बहुतेक सगळे एकच नाव सुचवतात: लिनक्स मिंट. का, तर ती 'युजर-फ्रेंडली' आहे. हा शब्द मला संशयास्पद वाटतो. स्थळ सांगताना मुलगा 'मनमिळाऊ' आहे म्हणतात, तसा. कुणाशी मनमिळाऊ?

अप्पांना नाव सांगितलं. "मिंट म्हणजे पुदिना ना?" झालं, तेव्हापासून ती सिस्टिम घरात पुदिनाच. त्यातही तीन आवृत्त्या असतात, सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. सिनॅमन म्हणजे दालचिनी हे कळल्यावर ते म्हणाले, "मग आपण दालचिनीचाच घेऊ. उष्ण असतो, थंडीत बरा." या सगळ्याचा जनक क्लेमाँ लफेव्र हा मूळचा फ्रेंच, आयर्लंडमध्ये राहणारा गृहस्थ. 2006 मध्ये त्याने पहिली आवृत्ती काढली आणि तिला 'एडा' असं नाव दिलं. तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं, वर्णानुक्रमे. 2012 ची माया, 2018 ची तारा, 2021 ची उमा. आमच्या वाट्याला आली ती 22.2, झारा. उमा हुकली याची मला अजून थोडी हळहळ आहे.

फाइल जवळपास तीन जीबीची. ती ऑफिसच्या नेटवर उतरवली आणि पेन ड्राइव्हवर चढवली. चढवण्याआधी तिची ओळख-बेरीज, म्हणजे फाइलमध्ये कुणी फेरफार केलेला नाही हे सांगणारा आकडा, जुळवून पाहिली, कारण 2016 च्या फेब्रुवारीत कुणीतरी मिंटच्या संकेतस्थळात घुसून तिथला दुवाच फेरफार केलेल्या फाइलकडे वळवला होता. त्या लोकांनी ते दडवलं नाही, लगेच जाहीर केलं, हे मला आवडलं. बेरीज चुकली तर ती कबूल करणारा माणूस हिशेबात भरवशाचा, असं आमच्या ऑफिसात मानतात.

लिनक्समधली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट मला ही वाटली: आत काहीही न बदलता, पेन ड्राइव्हवरूनच ती चालू करून पाहता येते. भाड्याचं घर घेण्याआधी दोन रात्री राहून पाहावं, तसं. पाणी येतं का, शेजारी कसे आहेत, सगळं कळतं. आमच्याकडे पाणी आलं नाही. वायफाय सापडेना. वायफायच्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्रॅम, चिप बनवणाऱ्या कंपनीने खुला केलेला नाही, त्यामुळे तो वेगळा घ्यावा लागतो. आणि तो घ्यायला नेट लागतं. विहिरीवर जायला आधी घागरभर पाणी हवं म्हणण्यासारखं. शेवटी मोबाईल वायरने जोडला, त्याचं नेट लॅपटॉपला दिलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्याने स्वतःच चिप ओळखून ड्रायव्हर सुचवला. दहा मिनिटांचं काम, पण ही युक्ती ठाऊक नसलेला माणूस तिथेच हात टेकून परत गेला असता. 'सोपी' म्हणणारे लोक ही दहा मिनिटं सांगायची विसरतात.

नवऱ्याने लॅपटॉपचे मागचे स्क्रू काढले. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क बसवायची होती आणि चार जीबी रॅम वाढवायची होती, सगळं मिळून एका बऱ्या साडीच्या किमतीत. आत पंख्याच्या पात्यांवर तांबडा थर होता, बोटाने खरवडला तर कुंकवासारखा सुटणारा. आमच्या भागात खाणी चालू असोत नाहीतर बंद, ही धूळ कपाटातल्या घड्या घातलेल्या धोतरातही सापडते. अप्पांनी जुनं मऊ धोतर फाडून त्याच्या चिंध्यांनी तो पंखा पुसला. माझ्या मते लॅपटॉपचं निम्मं आयुष्य तिथेच परत आलं. उरलेल्या निम्म्याचं श्रेय पुदिन्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना काही न सांगता लॅपटॉप सोप्यावर ठेवला आणि खिडकीतून बघत राहिले. माझी परीक्षा एवढीच होती. त्यांनी झाकण उघडलं, डाव्या कोपऱ्यात खाली क्लिक केलं, मेनू वर आला, त्यातून ब्राउझर उघडला, नाट्यगीत लावलं. चहा घेतला. तासाभराने विचारलं, "तो पुदिना कधी घालणार?"

मेनू त्याच कोपऱ्यात असणं हा योगायोग नाही. 2011 च्या आसपास लिनक्सच्या जगात बटणं आणि मेनू नव्याने मांडण्याची लाट आली होती. नोम 3 नावाच्या डेस्कटॉपने जुनी मांडणीच मोडली, आणि पुढच्या वर्षी विंडोज 8 नेही स्टार्ट बटण काढून टाकलं. मिंटवाल्यांनी उलटं केलं. नोमचाच कोड घेऊन त्यांनी सिनॅमन बांधला, आणि खालची पट्टी खाली, मेनू डावीकडे, घड्याळ उजवीकडे, असं सगळं जिथल्या तिथे ठेवलं. नवं काहीतरी करून दाखवायची खुमखुमी असलेल्या लोकांत हा हट्ट मला फार प्रौढ वाटतो. आमच्या सासूबाईंनी मिठाची बरणी चाळीस वर्षं एकाच फळीवर ठेवली. अंधारातही हात बरोबर जायचा. लाईट गेल्यावर स्वयंपाक थांबला नाही तो त्यामुळे.

मेनू मराठीतही करून पाहिला. काही शब्द मराठी, काही इंग्रजी, असा तो मध्येच थांबलेला होता. भाषांतर स्वयंसेवक करतात, म्हणजे जे राहिलंय ते तुमच्या-आमच्यामुळे राहिलंय. अप्पा म्हणाले, "राहू दे इंग्रजीच. 'फाइल' ला 'धारिका' म्हटलं तर मलाच शोधावी लागेल." गोव्यात मराठीसाठी हट्टाने उभा राहणारा हा माणूस, त्यांच्या तोंडून हे ऐकून मी गप्प बसले.

आता खरी गोष्ट. नाटकं.

अप्पा 2014 पासून एका जुन्या फाँटात टाइप करत. शाळेच्या मराठी टाइपरायटरवर बसलेला हात, आणि तशीच मांडणी त्या फाँटाची. या जातीचे फाँट म्हणजे एक सोंग असतं. कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरंच लिहिता. फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. अप्पांच्या फाँटात 'भारत' हा शब्द आत एच-के-के-जे-आर असा असतो. फाँट काढला की मुखवटा गळून पडतो. पुदिन्यावर पहिलं नाटक उघडलं, आणि पहिल्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात राजा, प्रधान, द्वारपाल सगळे एकदम अगम्य इंग्रजी बरळू लागले. अकरा नाटकं. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

यात लिनक्सचा दोष शून्य. त्या फाँटाची फाइल जुन्या डिस्कवरून आणून फाँटांच्या फोल्डरमध्ये टाकली आणि राजा पुन्हा मराठी बोलू लागला. पण हे लिखाण मोबाईलवर पाठवता येत नाही, त्यात शब्द शोधता येत नाही, आणि हा फाँट उद्या हरवला तर अकरा नाटकं इंग्रजी गोंधळ होऊन राहतील. अप्पांना हे पटायला एक रात्र लागली. सकाळी म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं मराठी लिहिलीच नाही?"

मग युनिकोड, म्हणजे मुखवटा नसलेली खरी मराठी अक्षरं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन भारतीय भाषांतली मराठी जोडली, दोन मिनिटांत इनस्क्रिप्ट नावाची कळांची मांडणी आली. अप्पांनी मोठ्या उत्साहाने नव्या नाटकाचा पहिला शब्द लिहायला घेतला: 'विवेक'. टाइपरायटरच्या सवयीने आधी पहिली वेलांटी मारली. पडद्यावर तुटक टिंबांचं एक वर्तुळ उमटलं आणि त्याच्या डाव्या बाजूला वेलांटी लटकली. मग व मारला, तो वर्तुळाच्या पलीकडे जाऊन बसला. पुसलं, पुन्हा तेच. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारतात, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये जसं बोलता तसं लिहायचं, आधी व, मग इ. पन्नास वर्षांच्या बोटांना हे सांगणं सोपं नव्हतं. त्या संध्याकाळी वीस ओळींत मी अशी सतरा वर्तुळं मोजली. अप्पा त्याला 'बिनअक्षराचं शून्य' म्हणू लागले. "आज शाळेत असतो तर मला कुणी पास केलं नसतं."

मी इनस्क्रिप्टचा तक्ता पुठ्ठ्यावर काढून दिला. दोन दिवसांनी ऑफिसातून आले तर अप्पा तक्ता घेऊन माझी वाटच बघत होते. "हे कुणी बसवलंय?" आवाजात शाळा तपासायला आलेला साहेब होता. "हे बघ. के वर क आहे. त्याच्या वरच्या ओळीत आय, तिथे ग. एल वर त, वर ओ, तिथे द. एच वर प, वर वाय, तिथे ब. म्हणजे कठोर खाली आणि मृदू वर. शिफ्ट दाबलं की महाप्राण. ख, घ, थ, ध, फ, भ. आणि डाव्या हाताला सगळे स्वर. एफ वर पहिली वेलांटी, वर आर ला दुसरी. जी वर पहिला उकार, वर टी ला दुसरा. ऱ्हस्व खाली, दीर्घ वर. हे पाणिनी वाचलेल्या माणसाचं काम आहे."

मी या कीबोर्डकडे वर्षानुवर्षं एक किचकट सरकारी तक्ता म्हणून पाहत आले होते. सरकारी तो आहेच. 1986 मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने ठरवलेला, पुढे 1991 च्या मानकात गेलेला. कन्नड, मल्याळम, बंगाली, कुठल्याही लिपीत क त्याच कळीवर सापडतो. आणि तो अप्पांच्या विंडोजमध्येही पहिल्यापासून होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अकरा वर्षं त्या लॅपटॉपवर तो झोपून होता, आम्ही कधी उठवला नाही. नवी सिस्टिम घातली म्हणून सेटिंगमध्ये डोकावलो एवढंच. पुदिन्याचं कौतुक करताना हे झाकून ठेवणं बरं नव्हे.

जुनी नाटकं युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर मिळतात. एक नाटक त्यातून काढलं. बरंचसं शुद्ध आलं, पण जिथे जिथे 'दुसऱ्या' होतं तिथे 'दुसर्या' झालं. अर्धा र, तो चंद्रकोरीसारखा, सगळीकडून उडून रफार होऊन डोक्यावर जाऊन बसला होता. अप्पांनी छापील प्रत मागितली आणि लाल पेन घेऊन बसले. नवीन लिखाणात ते शिफ्ट धरून जे दाबतात, मग पायमोड, मग य, आणि ऱ्य उमटला की दर वेळी किंचित मान हलवतात. अजून दहा नाटकं बाकी आहेत. मी घाई करत नाही, तेही करत नाहीत.

छापील प्रत मागितली म्हटलं, पण ती मिळवणं ही वेगळीच जत्रा होती. आमच्या लेझर प्रिंटरला लिनक्सवर नीट ड्रायव्हर मिळेना. एका रविवारी तीन तास घालवून मी हात टेकले. नवीन प्रिंटर बहुतेक न सांगता ओळखले जातात, आमचा जुना त्या भाग्यवंतांत नव्हता. आता अप्पा पीडीएफ करतात, माझ्या मोबाईलवर पाठवतात, आणि नकला साखळीतल्या झेरॉक्सवाल्याकडून येतात. त्या निमित्ताने अप्पा पीडीएफ करायला शिकले, आणि आता मंडळातल्या प्रत्येकाला रात्री अकरा वाजता नक्कल पाठवतात. हा फायदा की तोटा ते मंडळालाच विचारावं.

माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी पुदिना घातलेला नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर, डिजिटल सहीचं टोकन, या सगळ्याची घडी विंडोजवर बसलेली आहे, आणि रिटर्नच्या शेवटच्या तारखेला प्रयोग करायला मी काही अप्पांसारखी निवृत्त नाही. कुणी विचारलं की लिनक्स घालू का, तर मी विचारते, दिवसभर नेमकं काय करता? पाच गोष्टी सांगायला सांगते. त्यातली एकही ऑफिसची नसली तर 'घाला' म्हणते.

एवढ्या महिन्यांत अप्पांनी त्या सिस्टिमबद्दल एकच तक्रार केली. खाली कोपऱ्यात ढालीचं छोटं चित्र आहे, अपडेट आलं की त्यावर ठिपका येतो. ते म्हणाले, "हे काही बोलत नाही गं. नुसतं उभं असतं." मी म्हटलं, अप्पा, ते तुमची वाट बघतं. वेळ असेल तेव्हा दाबा. अपडेटआधी जुन्या अवस्थेची प्रत ठेवणारा टाइमशिफ्ट मी लावून दिला आहे, त्यामुळे काही बिघडलं तर कालच्या दिवसावर परत जाता येतं. हे ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नाटकात असं करता आलं असतं तर दुसरा अंक सुधारला असता."

त्रिपुरारी पौर्णिमेला आम्ही सगळे विठ्ठलापूरला वाळवंटी नदीच्या काठी होड्या बघायला गेलो होतो, तेव्हा अप्पा घरीच थांबले. परत आलो तर सोप्यावर दिवा आणि ते टाइप करत बसलेले. मी डोकावले. पानभर मजकूर, एकही तुटक वर्तुळ नाही.

परवा दुपारी ऑफिसात त्यांचा फोन आला. रिटर्न भरायची गडबड, मी घाईत उचलला.

"ळ कुठे आहे?"

"ल च्या कळीवर, अप्पा. एन. शिफ्ट धरून."

"ते मला माहीत आहे. मी विचारतोय, तिथे का आहे? शिफ्टला महाप्राण ना? ळ हा ल चा महाप्राण आहे का? आणि ण, तो म च्या शिफ्टला? म ओष्ठ्य, ण मूर्धन्य, यांचं काय नातं?"

"माहीत नाही, अप्पा."

"बाकी सगळं इतकं नेटकं केलं आणि मराठीच्या अक्षराला मिळेल त्या जागी कोंबलं. हे कुणाला कळवायचं असतं?"

मी म्हटलं संध्याकाळी बघू. संध्याकाळी घरी पोचले तर लॅपटॉप उघडाच होता आणि अप्पा आत हातपाय धूत होते. लिबरऑफिसमध्ये कोरं पान, वर उजवीकडे तारीख, डावीकडे 'प्रति' आणि त्यापुढे मोकळी जागा. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, विषय: ळ या वर्णाच्या स्थानाबाबत. आतून आवाज आला, "पत्ता तेवढा तू शोध."